एकतीस सेकंद

अच्युत हुपरीकरांनी व्हिडिओ कापला, असं शैलजा मगदूमनं भर कार्यक्रमात साठ हजार लोकांसमोर सांगून टाकलं आणि सांगताना त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बोटही दाखवलं. बोट दाखवायची खरं तर काही गरज नव्हती. पण शैलजाचं असंच होतं. ती चिडली की तोंडाबरोबर तिचे हातही बोलायला लागत.

"चोर म्हणायचं जिवावर येतंय," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "पण दुसरा शब्द सापडत नाही मला. पुढच्या रविवारी पुरावा घेऊन येईन. नाही दाखवला, तर या खुर्चीवर परत बसणार नाही."

झालं! बोलून बसली. पैज लावायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुरावा कुठून आणायचा ते तिला तेव्हा तरी माहीत नव्हतं. एक व्हिडिओ कापलाय एवढंच ठाऊक होतं. काय कापलंय, ते नाही.

आता हे दोघं कोण, ते आधी सांगतो. नांदवाडी हे कृष्णेच्या काठचं गाव. गाव म्हणायचं, पण नगरपरिषद आहे, चार सिग्नल आहेत आणि राजकारण तर एखाद्या राजधानीला पुरेल इतकं आहे. तिथल्या मुख्य चौकात भडंगाच्या दुकानावर पहिल्या मजल्याला एक खोली. त्या खोलीतून तेरा वर्षं दर रविवारी सकाळी अकराला 'समोरासमोर' हा कार्यक्रम निघायचा. अच्युतराव एकसष्ट वर्षांचे, शैलजा एकोणपन्नासची. दोघं पूर्वी एकाच वर्तमानपत्रात होते, तिथं ते तिचे वरिष्ठ. वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा दोघांनी मिळून हे काढलं. ते एका आघाडीच्या बाजूचे, ही दुसऱ्या. आठवडाभर एकमेकांशी भांडायचे मुद्दे गोळा करायचे, रविवारी मनसोक्त भांडायचं आणि मग खाली जाऊन एकाच पुडीतलं भडंग खायचं. लोकांना हे फार आवडायचं.

त्यांचा एक रिवाज होता. मुलाखत झाल्यावर पाहुण्याला कुठलंही एक वाक्य मागं घेता यायचं. माणूस बोलण्याच्या भरात घसरतो, घरचं काहीतरी बोलून जातो. तर एक वाक्य माफ. त्याला ते 'माफीचं वाक्य' म्हणत. नियम कडक होते. वाक्य एकच, अर्धं जास्त नाही. कारण विचारायचं नाही. मूळ फाईल पुसून टाकायची. आणि ज्यानं मुलाखत घेतली त्यानं ते वाक्य मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, आपल्या जोडीदारालासुद्धा नाही. याच भरवशावर भलेभले त्या खोलीत येऊन मोकळेपणानं बोलत. तेरा वर्षांत हा रिवाज मोडला नव्हता.

भांडण झालं ते डिसेंबरातल्या एका मुलाखतीवरून. शैलजा लेकीच्या बाळंतपणासाठी बेळगावला गेली होती आणि अच्युतरावांनी एकट्यानं नगराध्यक्षांची मुलाखत घेतली. नगराध्यक्षा म्हणजे विजयमाला आवटी. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं. अक्का शैलजाच्या बाजूच्या. नदीकाठच्या पूररेषेतली साडेचारशे घरं हलवायची त्यांची योजना होती आणि शैलजानं त्या योजनेची सतत बाजू घेतली होती. आणि बेळगावात, पाळण्याशेजारी बसून, तिच्या फोनवर दहा सेकंदांची क्लिप येऊन पडली. अक्का म्हणत होत्या, "ती घरं हलवायची म्हणजे हलवायचीच. आता कुणी माझ्यासमोर कितीही रडलं तरी मी थांबणार नाही."

बस. एवढंच.

शैलजाच्या डोक्यात तिडीक गेली. जिच्यासाठी आपण लोकांच्या शिव्या खाल्ल्या, ती बाई असं बोलते? परत आल्यावर पहिल्याच रविवारी तिनं तोंड सोडलं. "ही बाई आहे की दगड?" हे तिचं वाक्य. ते एवढं गाजलं की पोरंटोरंसुद्धा 'दगडअक्का' म्हणायला लागली. घरावर मोर्चा आला. तीन आठवड्यांत अक्कांनी राजीनामा दिला आणि योजना बासनात गेली. अच्युतराव त्या दिवशी समोरच बसले होते. एरवी तिच्या प्रत्येक वाक्यावर तुटून पडणारा हा माणूस त्या दिवशी एका शब्दानं बोलला नाही.

मग एप्रिलात सांधे दिसायला लागले.

यातलं विज्ञान सोपं आहे, बिचकायचं कारण नाही. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते असं आपण शाळेत शिकलो. पण ते काटेकोर पन्नास कधीच नसतात. देशात कुठं एकदम पंप सुरू झाले की थोडे कमी, कारखाने बंद झाले की थोडे जास्त. सगळ्या देशाच्या तारा एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळं ही चढउतार नांदवाडीत आणि दिल्लीत एकाच क्षणी तीच असते, आणि तशीच्या तशी पुन्हा कधी येत नाही. पंखा, दिवा, चार्जर, सगळ्यांची मिळून एक बारीक गुणगुण खोलीत असते. कानाला ती जाणवत नाही, माइकला जाणवते. म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणात एक न दिसणारं घड्याळ चालू असतं! मधला तुकडा काढला की ते घड्याळ उडी मारतं. किती सेकंदांची उडी, तेही कळतं. हे ज्ञान पूर्वी तज्ज्ञांपुरतं होतं. या वर्षी ते प्रत्येकाच्या फोनमध्ये आलं. व्हिडिओ लावा, बटण दाबा, सांधा असेल तिथं लाल रेघ.

लोकांना नवा खेळ मिळाला. पुढाऱ्यांची भाषणं तपासून झाली, लग्नांचे व्हिडिओ तपासून झाले, एका जावयानं सासऱ्याच्या षष्ट्यब्दीचा व्हिडिओ तपासून घरात वाद लावून दिला. आणि मे महिन्यात कुण्या प्रेक्षकानं अक्कांच्या मुलाखतीतली लाल रेघ शैलजाला पाठवली. क्लिपमधल्या त्या दोन वाक्यांच्या बरोबर मध्ये सांधा होता, एकतीस सेकंदांचा.

ती तडक अच्युतरावांकडे गेली.

"कापलंय का?"

"कापलंय," ते म्हणाले. "मीच."

"काय होतं त्यात?"

"सांगता येत नाही."

"माफीचं वाक्य होतं म्हणून सांगू नका हं अच्युतराव! आपल्या दोनशे भागांत सांधे आहेत, मी सगळे मोजलेत. चार सेकंद, सहा सेकंद, फार तर नऊ. एकतीस सेकंदांचं वाक्य असतं होय? तुम्ही चार-पाच वाक्यं उडवलीत. आणि नेमकी तिथली, जिथं ती बाई दगड वाटेल. तुमच्या आघाडीला पाहिजे तशी. आणि माझ्याच हातून माझ्याच माणसाला धोंडे मारवलेत!"

"शैलजा, तेरा वर्षं झाली आपल्याला."

"म्हणून तर विचारतेय. सांगा ना."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि बोलणं संपलं म्हणून उठून पंखा बंद केला. उकाड्यानं जीव जात होता, तरी बंद केला. त्या दिवसापासून ते कार्यक्रमाला आले नाहीत. पुढं तिनं त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून काय म्हटलं, ते तुम्हाला माहीतच आहे.

मंगळवारी ती मिरजेला तबस्सुम मुजावरकडे गेली. तबस्सुमची लहानशी ध्वनिप्रयोगशाळा होती. मुलगी तिशीची, बोलायला तुटक, कामाला चोख.

"कापलेलं परत येत नाही मॅडम," तिनं पहिल्यांदाच सांगून टाकलं. "फाईलमध्ये जे नाही ते नाही. अंदाजानं भरून देणारे खूप आहेत बाजारात. मी ते करत नाही."

"मग मी गेलेच म्हणायची."

"थांबा हो. फाईलमध्ये नाही म्हटलं मी. जगात नाही असं कुठं म्हटलं?" तिनं खोलीचा फोटो मागवून घेतला. "या खिडकीला आतून काय लावलंय?"

"चंदेरी कागद. उन्हासाठी. एका कोपऱ्याला सुटलाय, कधीचा चिकटवायचाय."

तबस्सुम पहिल्यांदाच हसली. "चिकटवला नाहीत ते बरं केलंत."

आता हा दुसरा भाग. आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. आपण बोलतो तेव्हा खोलीतली प्रत्येक हलकी वस्तू आपल्या शब्दांनी थरथरत असते, केसाच्या शंभराव्या भागाएवढी. जुन्या कॅमेऱ्यांना ते दिसत नसे, कारण ते सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं काढत आणि मधलं सगळं सोडून देत. नवे सिग्नलचे कॅमेरे चित्रं काढतच नाहीत. त्यांच्या डोळ्यातला एकेक ठिपका फक्त बदल टिपतो, सेकंदाला लाखो वेळा. ते बसवले होते भरधाव गाड्या पकडायला. पण कॅमेऱ्याला काय, समोर दिसेल ते तो टिपणार. आणि चौकातल्या कॅमेऱ्यासमोर भडंगाच्या दुकानावरची ती खिडकी चोवीस तास होती.

"रस्त्यावरच्या गोंगाटाचं काय?" शैलजाला आता राग विसरून भलतीच उत्सुकता वाटायला लागली होती. ही तिची जुनी खोड होती.

"गोंगाटानं दुकानाची पाटीपण थरथरते. पाटीवरचं थरथरणं कागदावरच्या थरथरण्यातून वजा करायचं. उरतं ते खोलीतलं. वेळ शोधायची गरज नाही, विजेच्या घड्याळानं ती सेकंदापर्यंत सांगितलीच आहे. फक्त नगरपरिषदेकडं अर्ज करा. नोंदी एकशे ऐंशी दिवस ठेवतात. तुमच्या नोंदीचा शेवटचा दिवस येतो..." तिनं बोटांवर मोजलं. "येत्या सोमवारी, संध्याकाळी पाच. अर्ज कायम ठेवलात तर नोंद कायमची खुली होते. कुणीही मागावी. मागं घेतलात तर सोमवारी पुसतात. खिडकी तुमची, म्हणून तुम्हाला दोन दिवसांत मिळेल; बाहेरच्या माणसाला मंजुरीला आठ दिवस लागतात, म्हणजे आता तुमच्याशिवाय कुणी नाही."

शैलजानं तिथं बसूनच अर्ज केला.

शुक्रवारी दुपारी तबस्सुमनं आवाज लावला. तो अक्कांचा आवाज होता आणि नव्हताही. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, सपाट. पण शब्द स्पष्ट होते. मध्येमध्ये लांब थांबे होते. एकदा तर सात सेकंद नुसता श्वास होता.

"कारण त्याच वस्तीत, आमच्या भाड्याच्या खोलीत, पाणी उंबऱ्याला लागलं तरी मी मेली भांडी माळ्यावर चढवत बसले, आणि माझा चार वर्षांचा... मागच्या दारानं कधी बाहेर गेला ते मला कळलं नाही, तो दिसला तो तिसऱ्या दिवशीच, आणि रडायचं तेवढं मी तेव्हाच रडून घेतलंय."

"चार वर्षांचा, याच्या पुढं काय आहे?" शैलजानं विचारलं.

"नाव असणार. फार हळू बोलल्यात. खात्री नसेल तिथं मी जागा मोकळी सोडते."

शैलजाचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिच्या अंगात संतापाचा डोंब उसळला. हे कापलं अच्युतरावांनी? एका आईचं हे बोलणं बाजूला काढलं आणि पुढचं तेवढं ठेवलं? चोर हा शब्द कमी पडला, असं तिला वाटलं. पुरावा मिळाला होता. रविवारी तो लावायचा की अक्का निर्दोष, अच्युतराव उघडे आणि तिची खुर्ची शाबूत. फक्त अक्कांना आधी विचारायला हवं होतं, आणि त्या हो म्हणणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

शनिवारी सकाळी अक्का ओसरीवर चटणीच्या मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. शैलजाला बघून त्यांनी 'या' म्हटलं नाही, पण सूप सरकवून जागा केली. त्यांनी काहीतरी आणायला आत जावं आणि तेवढ्यात आपण निघून जावं, असं शैलजाला वाटून गेलं. मग तिनं सगळं सांगितलं. कॅमेरा, कागद, थरथर. अक्का देठं काढत ऐकत राहिल्या.

"म्हणजे त्या खोलीत मी बोललेलं तुम्ही ऐकलंत."

"हो."

"ऐकवा."

शैलजानं फोन मध्ये ठेवला. तो पत्र्याचा आवाज ओसरीवर सुरू झाला. उंबरा, भांडी, माळा. 'माझा चार वर्षांचा', आणि मग ती मोकळी जागा आली.

"सन्मती," अक्का म्हणाल्या.

फोन पुढं बोलत राहिला आणि थांबला. अक्कांनी तिखटाचा हात डोळ्याला लागू नये म्हणून मनगटानं डोळे पुसले.

"एकोणीस वर्षांत त्याचं नाव मी मोठ्यानं दोनदा घेतलं. एकदा तिथं आणि एकदा आत्ता. घरात कुणी घेत नाही. माझ्या मालकांना सहन होत नाही."

"अक्का, हे उद्या लावते मी. तुम्हाला दगड म्हणणारी मीच होते, मीच सांगते जगाला. आणि त्या माणसानं हे कापून..."

"कापायला मीच सांगितलं."

शैलजानं मधला फोन उचलून पालथा ठेवला.

"घरी आले तर अंगावर काटा आला," अक्का म्हणाल्या. "म्हटलं, काय केलं मी हे? पोराला भाषणात आणलं. आता लोक हळहळणार, पोस्टरवर छापणार, पुढच्या निवडणुकीला त्याच्यावर मतं मागणार. लगेच फोन केला अच्युतरावांना. माझं माफीचं वाक्य ते, म्हटलं, काढा. त्यांनी काढलं."

"एकतीस सेकंदांचं वाक्य?"

"एकच आहे की ते. बोलताना जमेना मला. थांबत थांबत बोलले."

शैलजानं हिशेब केला होता सेकंदांचा. बाई किती वेळा थांबली असेल, याचा हिशेब तिच्या डोक्यातच आला नव्हता. तिला कानकोंडं झालं.

"पण मग त्याच्या पुढचं वाक्य का ठेवलं त्यांनी? ते एकटं कसं वाईट दिसतं!"

"एकच म्हटलं होतं ना मी. नियमच तसा तुमचा. क्लिप सुटली तेव्हा त्यांचे दहा फोन आले, सांगू का सांगू का म्हणून. मी नाही म्हटलं. पद गेलं तर गेलं. पोरगं माझ्यापाशी राहिलं." अक्कांनी पुन्हा मिरची उचलली. "तुम्ही मला दगड म्हणालात त्याचा राग नाही माझा... आहे. खोटं कशाला बोलू? आहे राग. पण उद्या हे लावू नका. पाया पडते हवं तर."

"तुम्ही कशाला पाया पडता हो," शैलजा म्हणाली आणि तिथंच रडायला लागली. अक्कांनी तिला पाणी आणून दिलं, पण समजूत काढली नाही.

दुपारी ती अच्युतरावांच्या दारात उभी राहिली. ते बनियनवर, स्वतःचे शर्ट इस्त्री करत होते.

"ऐकलंस वाटतं," तिच्याकडे बघून ते म्हणाले.

"ऐकलं. अक्कांकडं जाऊन आले. अच्युतराव, मी भर सभेत तुम्हाला चोर..."

"बस आधी."

"उद्या मी सांगणार आहे. तुम्ही निर्दोष आहात म्हणून."

"ते तेवढं सांगू नकोस." त्यांनी इस्त्री उभी केली. "तू मला चोर म्हणालीस ना, तेव्हा खरं सांगू, बरं वाटलं मला. सहा महिन्यांत पहिल्यांदा झोप लागली. कुणीतरी शिक्षा केली बुवा एकदाची, असं झालं."

"काय बोलताय तुम्ही? नियम पाळलात तुम्ही."

"पाळला. अक्षराला धरून पाळला. वाक्य काढल्यावर मी परत लावून बघितलं होतं, शैलजा. पुढचं वाक्य उघडं पडतंय, हे मला दिसत होतं. एक फोन करायचा होता अक्कांना. हेही काढू का, एवढंच विचारायचं. नाही केला. म्हटलं, एक म्हणजे एक." त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. "आणि ते वाक्य चटकदार होतं. माझ्या आघाडीच्या सोयीचं होतं. त्यात नियम किती आणि ती सोय किती, ते तुझ्या त्या मशीनला विचार बाई. मी सहा महिने विचारतोय स्वतःला. मला सापडत नाही."

 या माणसाला आपण आतूनबाहेरून ओळखतो असं शैलजा समजत होती. तिनं उगाचच इस्त्री केलेल्या शर्टांची चळत सारखी केली.

"मी पुरावा दाखवणार नाही," ती म्हणाली.

"मग खुर्ची जाईल तुझी. बोलून बसलीस ना."

"जाऊ दे. उद्या तुम्ही या मात्र."

रविवारी सकाळी दहा वाजता तिनं अर्ज मागं घेतला, तबस्सुमला तिच्याकडची प्रत पुसायला लावली, स्वतःची पुसली. अकराला कॅमेरा सुरू झाला. अच्युतराव त्यांच्या खुर्चीत होते. शैलजा आपल्या खुर्चीमागे उभी राहिली. बघणारे एक लाख दहा हजार. एवढे कधीच नव्हते. सगळे पुरावा ऐकायला जमले होते.

"मी ते एकतीस सेकंद ऐकले," ती म्हणाली. "ते मी तुम्हाला ऐकवणार नाही. अर्ज मागं घेतलाय, उद्या नोंद पुसली जाईल. अच्युतरावांना मी चोर म्हणाले, ते चूक होतं. अक्कांना दगड म्हणाले, ते त्याहून मोठी चूक होती. का ते विचारू नका. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा असं मी तुम्हाला सांगतेय, आणि मी स्वतः तेरा वर्षं सोबत असलेल्या माणसाच्या शब्दावर ठेवला नव्हता. तेव्हा तुम्ही नाही ठेवलात तरी माझी तक्रार नाही. पुरावा दाखवला नाही, म्हणून आजपासून या खुर्चीवर मी बसत नाही."

अच्युतराव म्हणाले, "व्हिडिओ मी कापला. प्रामाणिकपणे कापला असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही. त्यातून अक्कांबद्दल खोटं चित्र गेलं. ते मला दिसलं होतं आणि मी गप्प बसलो. एवढंच."

पडद्यावर शिव्यांचा पाऊस सुरू झाला. सेटिंग झालं. पाकीट पोहोचलं. आम्ही काय मूर्ख आहोत काय? कुणीतरी चालू कार्यक्रमाचाच सांधा तपासला आणि 'सांधा नाही' असं मोठ्या अक्षरांत टाकलं, तरी लोक निघून जायचे थांबले नाहीत. ऐंशी हजार. चाळीस हजार. वीस मिनिटांत सहा हजार उरले. शैलजा आकडा उतरताना बघत होती. तिला वाईट वाटत होतं आणि हलकंही वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, मागं कोंबड्या ओरडत होत्या.

"मी नदीकडच्या खालच्या गल्लीतनं बोलतीया. ते तुमचं कापाकापीचं झालं का बोलून?"

"झालं मावशी. बोला."

"मला एक इचारायचं हुतं. आमची घरं हलवणार हुत्या न्हवं अक्का? तर कुठं देणार हुत्या आमाला? सा म्हयनं झालं, टीव्हीवर नुसतं दगड हाय का बाई हाय चाललंय. ह्ये कुणीच सांगंना."

शैलजानं अच्युतरावांकडे बघितलं. तिला ठाऊक नव्हतं. योजना चांगली आहे, एवढं ती वर्षभर ओरडून सांगत होती. आणि त्या मुलाखतीतला सांधा तिनं शंभर वेळा लावून बघितला होता. सांध्याच्या अलीकडचं वाक्य आणि पलीकडचं वाक्य. बावन्न मिनिटांची ती मुलाखत तिनं एकदाही पूर्ण पाहिली नव्हती.

"अडतिसाव्या मिनिटाला आहे ते, मावशी," अच्युतराव म्हणाले. "त्याच व्हिडिओत. अक्कांनी घराघराचं सांगितलंय. लावू?"

"लावा की. म्हणून तर इचारलं."

त्यांनी लावलं. अक्कांचा खरा, भरदार आवाज खोलीत आला. माळावरची जमीन, तिचा गट नंबर, नळ आधी आणि भिंती नंतर, शाळा पहिल्या वर्षीच. मध्ये कुठंही लाल रेघ नव्हती. सहा हजारांतले कुणी उठून गेले नाहीत. आणि मग अच्युतरावांनी त्या दिवशी विचारलेला प्रश्न ऐकू आला, की अक्का, साडेचारशेतली पहिली घरं कुठली?

"ज्या घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे ती," अक्का म्हणाल्या. "ती सगळ्यात आधी. मग बाकीची."

हे कुणी कापलं नव्हतं. सहा महिने ते तिथंच होतं, कुणीही ऐकावं असं. शैलजा खुर्चीची पाठ धरून उभी होती आणि ते पहिल्यांदाच ऐकत होती.